बेदाण्याचा लेख आणि रेश्मा कोळेकरचं पत्र

रविवार, १४ डिसेंबर. सातारा, इनामदार सरांच्या घरची बाहेरची खोली. सकाळी अकरा ते दुपारी पाऊण.

हजर : इनामदार सर, संपादक. मुजावर सर, मिरज. माने सर, पलूस. मी, चिटणीस, माधवनगर (सांगली).

गैरहजर : कोणी नाही.

इतिवृत्ताच्या वहीत मी एवढं लिहिलं, त्याखाली चार विषय आणि चार निर्णय. जे लिहिलं नाही ते इथे लिहिते आहे. या सोमवारपर्यंत हे मी कुणाला सांगितलेलं नव्हतं. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. गुडघ्याच्या ऑपरेशनला जाताना ज्या मैत्रिणीच्या हातात कपाटाच्या किल्ल्या दिल्या, तिलाही नाही. बारा वर्षं झाली. का नाही सांगितलं? कुणी विचारलं नाही म्हणून. आणि विचारलं असतं तरी सांगितलं नसतं, हेही खरंच.

चिटणीस कशाची, ते आधी. अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी आमचं एक त्रैमासिक निघतं. साधा कागद, मुखपृष्ठावर दर वेळी तोच फ्लास्क, फक्त आतला रंग बदलतो. इनामदार सर निवृत्त झाल्यापासून ते एकहाती काढतात. लिहिणाऱ्याला मानधन म्हणून एक अंक जास्तीचा मिळतो. बाहेरच्या माणसाला वाटेल, यात काय मोठंसं? पण स्टाफरूममधल्या टेबलावर तो अंक आपल्या पानावर उघडून पालथा ठेवलेला असणं, प्राचार्यांनी जाता जाता "वाचलं बरं का" म्हणणं — आमच्या नोकरीत यापेक्षा मोठं काही फारसं घडत नाही. पुण्यामुंबईचे लोक त्यात वर्षानुवर्षं लिहीत. आमच्या बाजूचं नाव क्वचित. मला ते नाव घालायचं होतं. त्याची मला आजही लाज वाटत नाही.

मी लिहिलं बेदाण्यावर. तासगावच्या वाटेला लागलं की दोन्ही बाजूंना द्राक्षबागा आणि हिरव्या जाळीच्या लांबलचक शेड. त्या शेडमध्ये द्राक्षं वाळून बेदाणा होतो. पिवळा बेदाणा पिवळा राहावा म्हणून त्याला गंधकाची धुरी देतात. त्या धुरीतला वायू थोडा बेदाण्यातच राहतो. किती राहतो? हे बारावीच्या मुलांना शाळेच्या प्रयोगशाळेत मोजता येईल का? येईल असं मला वाटलं. बेदाणा भिजवायचा, वाटायचा, गाळायचा. त्या पाण्यात स्टार्च घालायचं आणि वरून आयोडीन थेंब थेंब सोडायचं. वायू संपेपर्यंत आयोडीन मुकाट्याने खर्च होतं. तो संपला की पुढचा थेंब निळा उमटतो. निळा दिसला की थांबायचं आणि किती आयोडीन गेलं ते वाचायचं. मुलांच्या घरचा माल, मुलांच्या हातचा प्रयोग. कल्पना माझीच होती आणि चांगली होती. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढचं वाचून तुम्ही तीही माझ्याकडून काढून घ्याल.

आता रीडिंगचं सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. आयोडीन ज्या उभ्या काचेच्या नळीतून सोडतात तिला ब्युरेट म्हणतात. तिच्यावर आकडे असतात, तोटी बंद केली की आकडा वाचायचा. हे तीनदा करायचं. तिन्ही आकडे जुळले तर प्रयोग बरोबर. सहसा जुळत नाहीत. मग मुलं काय करतात? पहिलं रीडिंग करतात, दुसरं आणि तिसरं लिहितात. हुशार मुलं त्याच्याही पुढची. उत्तर किती यायला हवं ते त्यांना आधीच्या बॅचकडून कळलेलं असतं. तिथून उलटा हिशेब करत ती रीडिंगपर्यंत येतात. आम्हाला हे कळत नाही असं वाटतं का तुम्हाला? सगळं कळतं. आम्हीही असेच पास झालो. तरी जुळलेल्या रीडिंगला आम्ही पूर्ण मार्क देतो आणि न जुळलेल्याचे कापतो. ज्या शिक्षकाने उभ्या जन्मात एकदाही उत्तरावरून रीडिंग लिहिलं नाही, त्याने खुशाल माझ्याकडे बोट दाखवावं. मी वाट बघते.

तर लेख. बेदाण्याचा हंगाम आणि बारावीची परीक्षा एकाच वेळी येतात. त्या वर्षी मला पर्यवेक्षण होतं, पेपर होते, दुसऱ्या कॉलेजांत बाहेरची परीक्षक म्हणून जायचं होतं. तरी एका रविवारी एसटीने तासगावला गेले. माझ्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी पाच शेड दाखवल्या. प्रत्येक शेडमधून मी एकेक पुडी घेतली, पुडीवर नंबर घातला. ते गृहस्थ माझी गंमत बघत होते. म्हणाले, "आवं बाई, ह्यात बघायचं काय हाय? धुरी दिली की पिवळा, न्हाई दिली की काळपट. पोरांस्नी एवढंच सांगा की." मी त्यांना म्हटलं, मुलांना आकडा लागतो. ते म्हणाले, "मग सांगा की एकादा आकडा."

पाच पुड्या. त्यांतल्या दोन मी तपासल्या. तिसरीच्या वेळी आयोडीन संपलं. नवीन मागवायचं तर खरेदीचा अर्ज, प्राचार्यांची सही, मिरजेचा दुकानदार — दोन आठवडे. लेख द्यायची तारीख चार दिवसांवर. उरलेल्या तीन नमुन्यांची रीडिंग मी घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहिली. पहिल्या दोनांवरून साधारण अंदाज आला होता. थोडं इकडे, थोडं तिकडे. प्रत्येक नमुन्याला तीन रीडिंग, तिन्ही जुळणारी. तपासलेल्या दोन नमुन्यांचंही मी एकेकदाच केलं होतं. त्यांचीही दुसरी-तिसरी तिथेच लिहून टाकली. उरलेल्या तीन पुड्या पाडव्याला शिऱ्यात गेल्या. शिरा चांगला झाला होता.

हाच तो गुन्हा, असं तुम्हाला वाटलं असेल. नाही. एवढ्यासाठी मी बारा वर्षं गप्प राहिले नसते. हे मी हसत हसत कधीच सांगून टाकलं असतं आणि चार शिक्षकांनी आपापलं सांगितलं असतं. जे सांगायचं आहे ते अजून पुढे आहे. मी त्याच्याभोवती फिरते आहे, हे मला दिसतंय.

जुलैच्या अंकात लेख आला. शीर्षकाखाली माझं नाव, नावाखाली सांगली. पाचही नमुन्यांचा तक्ता चौकटीत. त्याखाली मी एक वाक्य लिहिलं होतं : "निळा रंग स्पष्ट आणि स्थिर मिळतो." कराडहून फोन आला, कोल्हापूरहून आला. इनामदार सरांनी पोस्टकार्ड पाठवलं : 'असे लेख हवेत.' ते कार्ड अजून आहे, फाईल क्रमांक सहामध्ये.

दिवाळीनंतर सरांनी एक पाकीट पाठवलं. आत वाचकाचं पत्र होतं आणि सरांची चिठ्ठी, की उत्तर तुम्हीच द्या, दोन्ही एकत्र छापतो. पत्र रेघांच्या कागदावर, वहीचं पान फाडून लिहिलेलं. खाली सही : रेश्मा कोळेकर, सहशिक्षिका, आटपाडी तालुका. नोकरीला लागून तिला दुसरं वर्ष होतं, असं तिने पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, जणू आधीच माफी मागून ठेवावी तसं. माझा लेख वाचून तिने मुलांना घेऊन प्रयोग केला होता. बाजारातून बेदाणा आणला होता. रीडिंग जुळत नव्हती. तिने तीनदा केला, मग पाचदा, मग नऊदा. नऊच्या नऊ रीडिंग तिने पत्रात लिहिली होती. एकही दुसऱ्याशी जुळत नव्हतं. निळा रंग येतो, पण वीस-पंचवीस सेकंदांत जातो, असं तिने लिहिलं होतं. पुन्हा थेंब सोडला की येतो, पुन्हा जातो. मग थांबायचं कुठे? आणि पुढे — आधी कॉस्टिक सोडा घालून पाव तास ठेवलं आणि मग आम्ल घातलं, तर रंग जास्त टिकतो असं दिसलं, हे बरोबर आहे का? माझं काही चुकत असल्यास कृपया कळवावे.

मी ते पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचतानाच मला कळलं होतं. प्रयोग कुणी केला आहे आणि कुणी केलेला नाही, हे त्या पानावर स्वच्छ दिसत होतं.

तरी मी खात्री केली. मी तशी बाई आहे. शनिवारी शाळा सुटल्यावर थांबले. परिचराकडून किल्ली घेतली. बेदाणा दुकानातून आणला होता, आयोडीन आता भरपूर होतं. निळा रंग आला. मी तोटी बंद केली आणि हातातल्या घड्याळाकडे बघत उभी राहिले. एरवी रंग दिसला की आपण आकडा लिहितो आणि लगेच फ्लास्क विसळायला घेतो. मीही हंगामात तेच केलं होतं. या वेळी थांबले. रंग फिकट झाला. गेला. पाणी पुन्हा बेदाण्याच्या रंगाचं. मी थेंब सोडला. आला. गेला. सहा वेळा केलं. मग तिने लिहिलं होतं तसा सोडा घालून पाव तास ठेवून केलं. रंग टिकला. का टिकला, तेही लक्षात आलं. बेदाण्यातला काही वायू साखरेशी बांधलेला असतो आणि हळूहळू सुटत राहतो, म्हणून रंग जातो. सोडा तो आधीच सोडवून घेतो. नोकरीच्या दुसऱ्या वर्षातल्या मुलीने, आटपाडीच्या कोपऱ्यात, वहीच्या पानावर हे शोधून काढलं होतं. त्याला नाव काय ते तिला माहीत नव्हतं, एवढंच.

म्हणजे ती बरोबर होती, आणि ते मला माहीत होतं. ऐकून नाही, वाचून नाही — माझ्या डोळ्यांनी बघून.

आता ऐका. दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, मेथी निवडून झाल्यावर मी एका बैठकीत उत्तर लिहिलं. नमुन्यासारखं उत्तर होतं. सुरुवातीला कौतुक : नवोदित शिक्षिकेचा उत्साह स्तुत्य आहे. मग यादी : फ्लास्क नीट धुतलेला नसावा, स्टार्चचं द्रावण शिळं असावं, ब्युरेट आयोडीनने विसळून घेतलेलं नसावं. नऊ रीडिंगांत एकही जुळत नसेल, तर दोष पद्धतीत नव्हे, हातात असतो. कॉस्टिक सोड्याबद्दल : मूळ पद्धत नीट आत्मसात होण्याआधी तिच्यात सुधारणा सुचवू नयेत. आणि शेवटी ते वाक्य, जे मला सगळ्यात आवडलं होतं : 'रंग पळत नाही, पळतं ते करणाऱ्याचं लक्ष.'

खाली सही.

मी तरुण होते असं म्हणणार नाही. एकेचाळीस वर्षांची होते. घाबरले होते असंही म्हणणार नाही. मी खोटी पडले असते तर काय झालं असतं? नोकरी गेली नसती. प्राचार्य चार दिवस हसले असते. मी ते केलं, कारण मला त्या पानावर हरायचं नव्हतं. नऊ न जुळणारी रीडिंग प्रामाणिकपणे लिहिणाऱ्या बाईचा मला राग आला होता. एवढंच कारण आहे, आणि ते पुरेसं वाईट आहे. त्याला मऊ करायला मी बसलेली नाही.

ते वाक्य गाजलं. शिक्षकांच्या बैठकीत लोक ते एकमेकांना ऐकवत. वर्गात फळ्यावर लिहीत. रेश्मा कोळेकरचं दुसरं पत्र कधी आलं नाही.

तीन वर्षांनी बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेला मला बाहेरची परीक्षक म्हणून तिच्याच कॉलेजवर नेमणूक आली. बदलून घेता आली असती. मी घेतली नाही. का? मला वाटतं, मला बघायचं होतं की ती कशी आहे. सडपातळ, सावळी, केस घट्ट बांधलेले. माझ्यासाठी तिने खुर्चीवर स्वच्छ टॉवेल टाकून ठेवला होता. मुलं प्रयोगाला लागली तेव्हा तिथले प्रयोगशाळा परिचर, शिवाजीमामा, मला चहा द्यायला आले आणि दाराशीच रेंगाळले. म्हणाले, "मॅडम, ही पोरगी लय गुणाची. बाप अजून मेंढरं घेऊन हिंडतोय. सुट्टीच्या दिवशी येऊन एकटीच कायबाय करत बसायची हितं. आता न्हाई बसत." मी विचारलं, का नाही बसत? ते म्हणाले, "तवा मोठ्या सरांनी स्टाफरूममदी कुठलंसं मासिक वाचून दाखवलं. तिच्याच तोंडावर. म्हणले, जमत न्हाई तर पत्रं कशाला धाडायची, कॉलेजचं नाव जातंय." त्यांना त्या मासिकात कुणी लिहिलं होतं ते माहीत नव्हतं. चहाची कपबशी घेऊन ते गेले.

मी वह्या तपासायला घेतल्या. पहिली वही, तीन रीडिंग, तिन्ही जुळणारी. दुसरी, तिसरी, दहावी. एकूण एक मुलाची तिन्ही रीडिंग जुळत होती. अशी बॅच असत नाही. कुठेच असत नाही. मी मान वर केली तर रेश्मा टेबलाच्या पलीकडे उभी होती. ओरडली नाही, रडली नाही, चेहऱ्यावर रागसुद्धा नव्हता. कामाचं बोलावं तशी म्हणाली,

"जुळतात ना, मॅडम? तुमचं उत्तर छापून आल्यापासून जुळायला लागली."

मी काय केलं असेल? सांगते. मी मान डोलावली. आणि सगळ्या मुलांना रीडिंगचे पूर्ण मार्क दिले. नियमाप्रमाणे बरोबर होतं. दुपारी जेवायला तिने तिच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी वाढली, मी खाल्ली. चटणी छान आहे म्हटलं. परतीच्या एसटीत खिडकीशी बसून उरलेल्या मार्कांची बेरीज पुरी केली.

लोक म्हणतात, मनात बोचत राहिलं. मला तसं रोज बोचलं नाही. मी कामं केली, मुलं शिकवली, त्रैमासिकाची चिटणीस झाले. चांगली चिटणीस झाले. माझ्यामुळे अंक वेळेवर निघतो, हे कुणालाही विचारा. पण माझ्या प्रयोगशाळेत एक गोष्ट मी बदलली : न जुळणाऱ्या रीडिंगचे मार्क कापणं बंद केलं. का, ते मुलांना सांगितलं नाही. हे चांगलं काम म्हणून जमेला धरू नका. गुपचूप केलेल्या दुरुस्तीला मी स्वतः शून्य मार्क देते.

आता बैठक. विषय तिसरा : निवडक लेखांचं पुस्तक काढायचं, नाव 'करून पाहिलेलं'. सरांनी निवड आधीच केली होती. पहिलाच लेख, बेदाणा. सरांना विशेष हौस अशी की, त्याबरोबर वाचकाचं ते पत्र आणि माझं उत्तरही घ्यायचं, वाचकाला उत्तर कसं द्यावं त्याचा नमुना म्हणून. माने सर बहुतेक रेश्माच्याच वयाचे असतील. ते म्हणाले, "आणि मॅडमचं ते वाक्य मागच्या कव्हरवर टाकू या. मी अजून वर्गात वापरतो." त्यांनी ते पाठ म्हणून दाखवलं. मुजावर सर हसले, "मॅडम, आमच्याकडं तर सूनबाईच्या हातून दूध उतू गेलं तरी हेच म्हणतात." सगळे हसले. मीही हसले, हे लिहून ठेवते.

मग मी म्हटलं, लेख जुना झालाय, नवा कुणाचा तरी घ्या. इनामदार सर चष्म्यावरून बघत म्हणाले, "बेदाणा जुना होतो, मॅडम. पद्धत जुनी होत नाही." माझी पद्धत. मग ते म्हणाले, पत्र पुन्हा छापायचं तर लेखिकेची लेखी संमती लागेल, ती तुम्ही घ्या, एका परीने तुमचीच शिष्या झाली ना ती. मी वहीत लिहिलं : 'विषय ३. एकमताने मंजूर. संमती — चिटणीस.'

म्हणजे मी रेश्मा कोळेकरकडे जायचं आणि तिला म्हणायचं, बाई, तुझा अपमान आता बांधीव पुस्तकात करायचा आहे, इथे सही कर.

सोमवारी शाळेतून आल्यावर कागद घेतला. मासिकात चूक दुरुस्त करायची एक रीत असते : 'अमुकऐवजी तमुक वाचावे.' मी दोन रकाने आखले. डावीकडे तक्त्यातले पाचही नमुने, तीन-तीन रीडिंग, पंधरा आकडे. उजवीकडे काय लिहायचं? दोन आकडे तसेच राहिले. बाकी तेरा ठिकाणी मी लिहिलं : 'केले नाही.' तेरा वेळा पूर्ण लिहिलं, 'वरीलप्रमाणे' अशा खुणा केल्या नाहीत. 'रंग स्पष्ट आणि स्थिर मिळतो' — त्याऐवजी : 'रंग जातो.' उत्तरातलं ते वाक्य — त्याऐवजी : 'श्रीमती कोळेकर यांचे निरीक्षण बरोबर आहे. उत्तर लिहिण्याच्या आदल्या दिवशी मी ते स्वतः तपासले होते.' हे शेवटचं लिहायला सगळ्यात कमी वेळ लागला, बारा वर्षं सोडली तर. कागदाचा फोटो काढून सरांना पाठवला.

आज गुरुवार. सकाळी सरांचा फोन आला. त्यांचा आवाज म्हातारा वाटला. म्हणाले, हे छापायलाच हवं का? पुस्तकातून लेख मी गुपचूप काढून टाकतो, का काढला ते कुणी विचारणार नाही. लोक विसरलेत.

मी म्हटलं, "सर, लोक विसरलेले नाहीत. लोकांना ते पाठ आहे."

त्यांनी विचारलं, मग मी छापू काय? मी सांगितलं, तिचं पत्र छापा, सबंध, नऊच्या नऊ रीडिंगांसकट, पुस्तकात पहिलं. खाली माझी दुरुस्ती, माझ्या नावाने. ती छापली नाहीत तर मी चिटणीस राहणार नाही, आणि तरीही ती दुसरीकडे छापून आणीन. सर म्हणाले, "तुम्ही भांडताय कुणाशी, मॅडम?" मी पुन्हा तेच सांगितलं. ते शेवटी हो म्हणाले. खूश होऊन नाही.

तुम्ही मला माफ करावं म्हणून हे लिहिलेलं नाही. माफ करायचा अधिकार तुमच्याकडे नाही, आणि ज्या बाईकडे आहे तिच्याकडे मी माफी मागणार नाही. मागितली तर तिला ती चहाबरोबर द्यावी लागेल. ती तशी आहे. देऊन टाकील.

पण पत्र तिचं आहे. छापायला तिची सही लागते, आणि ती सही फोनवर मागायची नाही एवढं मला कळतं. सांगलीहून आटपाडीला गाडी आहे. रजेचा अर्ज भरून ठेवलाय, तारखेची जागा मोकळी आहे. दोन महिन्यांत प्रात्यक्षिक परीक्षा सुरू होईल आणि तिची मुलं पुन्हा तीन जुळणारी रीडिंग लिहितील. तिच्या टेबलासमोर उभं राहून मला एकच गोष्ट सांगायची आहे : रेश्मा, तुझा निळा रंग खरोखर जात होता, आणि ते मला तेव्हाच माहीत होतं.

ते मी तुम्हाला सांगितलं. तिला अजून सांगितलेलं नाही.